मिडल डिव्हिजन, ऑक्टोबर १९४८ : एका मालगाडीच्या कामाच्या नोंदी

११ जानेवारी

आज तारीख नक्की केली, माझ्या मॉडेल मालगाडीची. ऑक्टोबर १९४८. रेल्वे अमेरिकेतली पेनसिल्व्हेनिया रेलरोड, मार्ग हॅरिसबर्ग ते अल्टूना, म्हणजे त्यांची मिडल डिव्हिजन. एनोला यार्डातून पश्चिमेकडे निघालेली साधी मालगाडी, पुढे एम१ जातीचं वाफेचं इंजिन. प्रमाण एचओ, म्हणजे १:८७, खऱ्या एका फुटाला साडेतीन मिलिमीटर.

इंजिन तयारच आहे. इंजिनावर जीव टाकणारे पुष्कळ असतात आणि त्यामागे मात्र हाताला लागतील ते डबे जोडतात. १९२५ चा लाकडी डबा, त्याला चिकटून १९६० च्या रंगातला डबा, मागे कुठल्यातरी दारूच्या कंपनीची जाहिरात मिरवणारा तिसरा. इंजिनाचा एकेक रिव्हेट मोजणारा माणूस हे कसं चालवून घेतो, मला कळत नाही. खरं तर काळ इंजिनापेक्षा डब्यांवर जास्त लिहिलेला असतो. छताची घडण, टोकाचा पत्रा, ब्रेकचा प्रकार, बोगी, अक्षरं, प्रत्येकाला सुरुवातीची आणि शेवटची तारीख आहे.

१९४८ चा शरद ऋतू घेण्याचं कारण हेच. पुलमन-स्टँडर्ड या डबे बांधणाऱ्या कंपनीचा पीएस-१ डबा १९४७ मध्ये आला, म्हणजे तो या गाडीत जेमतेम वर्षाचा. तिरप्या पन्हाळींचं छत नुकतं याच वर्षी दिसायला लागलेलं. आणि त्याच गाडीत पहिल्या महायुद्धाच्या वेळचा डबाही चालेल, कारण असे पुष्कळ डबे तेव्हा रुळांवर होते. तीस वर्षांचा इतिहास एका गाडीत मावतो.

नियम एकच ठेवलाय. जे तोवर जन्मलं नव्हतं ते नाही, जे तोवर बाद झालं होतं तेही नाही.

रॉकव्हिलच्या पुलाबद्दल आत्ताच सांगून ठेवतो, कारण घरी आलेला प्रत्येक जण तेच विचारतो. सस्क्वेहाना नदीवरचा १९०२ चा अठ्ठेचाळीस कमानींचा दगडी पूल. सुंदर आहे, पण माझ्या देखाव्यात तो नसेल. एनोला यार्ड मुळात नदीच्या पश्चिम तीरावर आहे. तिथून अल्टूनाकडे निघालेल्या मालगाडीला पूल ओलांडायचं कारणच नाही.

१८ जानेवारी

आज फक्त कागदकाम. गाडीत कुणाचे डबे असावेत?

हातात १९४०च्या दशकातल्या इक्विपमेंट रजिस्टरची प्रत आहे. दर तिमाहीला निघणारं हे जाडजूड बाड म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्या मालडब्यांची वंशावळ. कुठल्या रेल्वेकडे कोणत्या क्रमांकांचे किती डबे, आतली लांबी, रुंदी, उंची, दार किती रुंद, वजन उचलायची ताकद किती. वाचायला रटाळ, पण याच्याशिवाय पुढे पाऊल टाकू नये. मॉडेलवर छापलेला क्रमांक ज्या मालिकेत बसतो त्या मालिकेच्या डब्याची आतली उंची मॉडेलशी जुळत नसेल, तर ते मॉडेल कितीही देखणं असलं तरी त्या क्रमांकाचं नाही.

बंद डबा, म्हणजे बॉक्सकार, देशभर भटकत असे. एका रेल्वेचा डबा दुसरीच्या हद्दीत गेला की दुसरी रेल्वे मालकाला रोजचं भाडं देई, आणि डबा रिकामा झाला की मालकाच्या दिशेने जाणारा माल मिळाला तर तो भरून पाठवी. नियम कागदावर असे होते. प्रत्यक्षात जिथे माल आणि जिथे डबा, तिथे जोडी लागायची. त्यामुळे एखाद्या मोठ्या मार्गावरच्या लांब गाडीतले परके बॉक्सकार साधारण देशाच्या एकूण ताफ्याच्या प्रमाणात पडतात, हा काही अभ्यासकांनी गाड्यांच्या नोंदवह्या तपासून काढलेला निष्कर्ष मला पटतो. न्यूयॉर्क सेंट्रल आणि पेनसिल्व्हेनिया यांचे ताफे सर्वांत मोठे, म्हणून त्यांचे डबे जास्त. पण सांता फे, मिलवॉकी, बर्लिंग्टन, सदर्न पॅसिफिक यांचेही असायलाच हवेत. शेजारची म्हणून फक्त बाल्टिमोर अँड ओहायो भरून टाकली तर गाडी खोटी होते.

कोळशाच्या हॉपरचं, म्हणजे वरून उघड्या आणि तळातून रिकाम्या होणाऱ्या डब्याचं, उलटं. हॉपर खाणीतून निघतो, कोळसा टाकतो आणि रिकामा परत खाणीकडे जातो. तो सहसा घरच्या रेल्वेचाच. माझी गाडी पश्चिमेला जातेय, म्हणजे हॉपर रिकामे. कोळशाचा खोटा ढीग करायचं काम वाचलं, पण आतली बाजू दिसणार, आणि तिथलं गंजाचं काम वाढलं.

फळांचे बर्फाचे डबे भरलेले असताना पूर्वेला वेगळ्या, वेगवान गाड्यांतून जायचे. पश्चिमेकडे परतताना ते रिकामे, मग साध्या गाडीत एखाद-दुसरा चालेल.

ठरलं : पेनसिल्व्हेनियाचे दोन एक्स२९ जातीचे बंद डबे, एक रिकामा जीएलए हॉपर, एक बाल्टिमोरचा वॅगनटॉप, मिलवॉकीचा आडव्या कड्यांचा एक, एएआरच्या, म्हणजे अमेरिकी रेल्वे कंपन्यांच्या संघटनेच्या, १९३७ च्या नमुन्याचे दोन, पहिल्या महायुद्धाचा एक, नवा पीएस-१ एक, पॅसिफिक फ्रूट एक्सप्रेसचा एक, युनियन टँककारची एक टाकी, मागे केबिनकार, म्हणजे गार्डचा डबा.

२ फेब्रुवारी

एक्स२९ पासून सुरुवात, कारण पेनसिल्व्हेनियाचा चेहरा म्हणजे एक्स२९. १९२४ पासून पुढे हे संपूर्ण पोलादी डबे हजारोंनी बांधले गेले. तेव्हा बहुतेकांचे डबे अजून लाकडी फळ्यांचे होते, हे लक्षात घेतलं की या डब्याचं अप्रूप कळतं.

डबा बुटका आहे. आतली उंची ८ फूट ७ इंच. एएआरचा १९३७ चा डबा आत १० फूट. एचओमध्ये हा फरक पाच मिलिमीटरचा, आणि गाडी बाजूने पाहताना नजर पहिल्यांदा तिथेच जाते. वाफेच्या काळातल्या मालगाडीची वरची रेषा कधीच सरळ नसते. एक डबा खाली, पुढचा वर, मग टाकी, मग हॉपरची उघडी कड.

एक्स२९ म्हटलं की सगळे सारखे, असं मात्र नाही. सुरुवातीच्यांची टोकं सपाट पत्र्याची. नंतरच्यांची ड्रेडनॉट, म्हणजे आडव्या फुगीर पन्हाळी दाबून काढलेली. दारांचे प्रकार निराळे, ब्रेक निराळे. आणि वय झालेल्या डब्यांवर एक गोष्ट ठळक दिसते, बाजूच्या खालच्या कडेला रिव्हेटने जोडलेली ठिगळं. आतली लाकडी अस्तराची फळी आणि बाहेरचा पत्रा यांच्यामध्ये पाणी अडकून राहायचं, पत्रा खालून कुजायचा, आणि कारखान्यात तेवढीच पट्टी कापून नवी बसवायची. १९४८ च्या एक्स२९ ला ठिगळ नसेल तर मला चुकल्यासारखं वाटतं.

म्हणून दोन डबे दोन तऱ्हेचे करतोय. एक सपाट टोकाचा, ठिगळांचा. दुसरा ड्रेडनॉट टोकाचा, त्यामानाने तरुण.

१५ फेब्रुवारी

किटमध्ये हाताने धरायच्या दांड्या बाजूच्या पत्र्यावरच ओतलेल्या येतात. लांबून चालून जातं, जवळून त्या चिकटवलेल्या शेवया दिसतात. छोट्या छिन्नीने सगळ्या तासून काढल्या. छिन्नी बाजूच्या पत्र्याला जवळजवळ आडवी धरायची, धार वर, आणि शेजारच्या रिव्हेटवर आधी चिकटपट्टीचे दोन थर. घाई नको.

नव्या दांड्या फॉस्फर ब्राँझच्या तारेच्या. खरी दांडी पाऊण इंच जाड. ८७ ने भागलं तर ०.२२ मिलिमीटर. दुकानातली नेहमीची तार ०.३ ची, ती वाकवायला सोपी आणि दिसायला जाड. मी ०.२ वापरली. हाताने डबा उचलताना ती वाकते, म्हणून यापुढे डबे खालून, बोगीजवळ धरायचे, असा घरात हुकूम काढलाय.

दांड्या कुठे किती हव्यात हा आवडीचा प्रश्न नाही. १८९३ च्या सुरक्षा कायद्यापाठोपाठ १९११ मध्ये सरकारी नियम आले आणि शिड्या, दांड्या, पायऱ्या, ब्रेकचं चाक यांच्या जागा, मापं ठरवून दिली गेली. टपावर चालत हँडब्रेक आवळणारे ब्रेकमन धावत्या गाडीतून पडून मरत, हात तुटत. प्रत्येक दांडीमागे असा हिशेब आहे. त्यामुळे फोटोत दांडी अंधारात असली तरी ती कुठे असेल हे नियमांवरून सांगता येतं.

ठिगळांसाठी ०.१३ मिलिमीटरचं स्टायरीन, म्हणजे प्लॅस्टिकचा पातळ पत्रा, घेतलं. खऱ्या मापात ते अकरा मिलिमीटर होतं, फार जाड, म्हणून चिकटवल्यावर बारीक पॉलिश पेपरने खाली आणलं, कड फक्त नखाला लागेल इतकी. रिव्हेट राळेच्या ठिपक्यांच्या डेकलचे, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील पातळ पापुद्र्याचे. ओळ सरळ यायला हवी, पण ठिगळाचे रिव्हेट मूळच्या ओळीशी जुळले नाहीत तरी हरकत नाही. खऱ्यांचेही जुळत नव्हते.

१ मार्च

पोटाखालचं काम. हे कुणाला दिसत नाही असं म्हणतात. डबा वळणावर उजेडात आला की ब्रेकची नळी आणि दांडे यांच्या सावल्या दिसतात, आणि त्या नसल्या तर पोट रिकामं दिसतं.

दोन प्रकार. जुना के ब्रेक, ज्यात बहुधा सिलिंडर, हवेची टाकी आणि ट्रिपल व्हॉल्व्ह एकाच लांबट गोळ्यात एकापुढे एक जोडलेले. नवा एबी, ज्यात सिलिंडर वेगळा, दोन कप्प्यांची टाकी वेगळी, व्हॉल्व्ह वेगळा, आणि तिघांना जोडणाऱ्या नळ्या. लांब गाडीत ब्रेक मागच्या डब्यापर्यंत पोचायला के वेळ लावायचा, तोवर पुढचे डबे थांबलेले आणि मागचे धडकत यायचे. एबी तो संदेश फार वेगाने मागे नेतो. १ सप्टेंबर १९३३ नंतर बांधलेल्या नव्या डब्यांना एबी सक्तीचा झाला. जुन्या डब्यांवर बदलायचं काम महायुद्धामुळे लांबलं आणि के ब्रेक १९५० च्या दशकात शिरेपर्यंत रुळांवर टिकून राहिला.

म्हणजे माझ्या तारखेला दोन्ही हवेत, एबी जास्त, के थोडे. ठिगळांच्या एक्स२९ ला के ठेवला. दुसऱ्याला एबी. पहिल्या महायुद्धाच्या डब्याला खरं तर के शोभला असता, पण गाडीतल्या तीन म्हाताऱ्यांपैकी दोघांना के म्हणजे प्रमाण बिघडतं. त्याला एबी.

बोग्यांच्या बाबतीत निर्णय सोपा. पट्ट्या वाकवून नटबोल्टने आवळलेली आर्चबार बोगी १९४० च्या सुमारास दुसऱ्या रेल्वेच्या हद्दीत जायला बाद झाली. बोल्ट ढिले पडायचे, बोगी उघडायची आणि अपघात व्हायचा. बाजारात अजूनही जुन्या लाकडी डब्यांच्या किटमध्ये आर्चबार येते आणि लोक ती १९५० च्या गाडीत चालवतात. माझ्या गाडीत एकही नाही. एक्स२९ खाली पेनसिल्व्हेनियाची स्वतःची २डी-एफ८, बाकीच्यांना ओतीव पोलादी.

रात्री व्हिडिओवर सासऱ्यांना पोट दाखवलं. भुसावळ यार्डात टीएक्सआर, म्हणजे गाड्या तपासणारे, होते, आयुष्य डब्यांखाली वाकून गेलं. त्यांनी फोन जवळ घ्यायला लावला, मग लांब.

“हे वजनाचं लिहिणार म्हणालात ते ठीक. पण पीओएचची, ठरावीक मुदतीच्या मोठ्या दुरुस्तीची, तारीख कुठे टाकणार?”

“बाबा, इथे तशी नसते. ब्रेक साफ केल्याची तारीख असते, आणि अ‍ॅक्सलबॉक्स भरल्याची.”

“मग त्या टाका की. तारीख नसलेला डबा मी गाडीत राहू दिला नसता.”

टाकणार होतोच. पण आता टाकल्याशिवाय सुटका नाही.

अ‍ॅक्सलबॉक्स त्यांना लगेच ओळखू आले. तेलात भिजवलेला सुताचा बोळा, झाकण, आणि तेल कमी पडलं की धूर. तिकडच्या यार्डातही तेच दुखणं. रोलर बेअरिंग मालडब्यांखाली १९४८ मध्ये अपवादानेच, म्हणून माझ्या सगळ्या बोग्यांवर झाकणाचे बॉक्स आहेत.

१५ मार्च

स्ट्रासबर्गला जाऊन आलो. पेनसिल्व्हेनियाच्या रेल्वे संग्रहालयात जुन्या डब्यांच्या पोटाखालचे फोटो घेतले. ब्रेकच्या दांड्याला लोंबकळू नये म्हणून दिलेल्या लोखंडी कड्या कशा वळवल्यात, हे नकाशात कळत नव्हतं, तिथे एका नजरेत कळलं. बाकी गर्दी होती, मुलं इंजिनांकडे धावत होती आणि मी जमिनीवर पालथा.

२९ मार्च

वॅगनटॉप. बाल्टिमोर अँड ओहायोचा एम-५३, १९३७ च्या सुमाराचा. बाजूचा पत्रा वर जाऊन वळतो आणि तोच छप्पर होतो. बाजू आणि छत यांच्यामधला सांधा, जिथून पाणी आत झिरपतं, तोच काढून टाकला. डोकं चालवलं होतं, पण बाकीच्या रेल्वे या वाटेने गेल्या नाहीत. गाडीत तो लगेच उठून दिसतो, म्हणून एकच.

राळेचं किट आहे, एका छोट्या उत्पादकाचं. एक भिंत किंचित वाकलेली आली. गरम पाण्यात धरली, काचेवर दाबून ठेवली, सरळ झाली. राळेची धूळ फुप्फुसाला वाईट, कानस ओल्या हाताने चालवायची आणि तोंडाला मास्क. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

मिलवॉकीचा आडव्या कड्यांचा डबा जवळजवळ तयार मिळाला. रिव्हेटऐवजी वेल्डिंग वापरून मिलवॉकीने तो स्वतःच्या कारखान्यात बांधला. त्यावर फक्त दांड्या बदलल्या.

१२ एप्रिल

रंग. इथे भांडणं होतात.

मालडब्यांचा तांबडा म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचा रंग, स्वस्त आणि टिकाऊ. पण प्रत्येक रेल्वेचा वेगळा, प्रत्येक वर्षाचा वेगळा, आणि ऊन-पाऊस-काजळी खाऊन पुन्हा वेगळा. जुन्या कृष्णधवल फोटोंवरून रंग ठरवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा प्रकाश दिसतच नसे. त्यावर तांबडा डबा काळा येतो. मग लोक काळाच रंगवतात.

माझा मुख्य आधार जॅक डेलानोचे रंगीत फोटो. युद्धकाळात सरकारी कामासाठी त्याने १९४२-४३ च्या हिवाळ्यात शिकागोच्या यार्डांत कोडाक्रोमवर फोटो घेतले. ते वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि मोठ्या आकारात पाहता येतात. एका फोटोत वीस डबे असतील तर वीस तांबडे दिसतात, वीटकरीपासून चॉकलेटीपर्यंत. सगळे तांबडे डबे एकाच बाटलीतून रंगवले तर गाडी दुकानातून आणल्यासारखी दिसते, हे मला त्याच फोटोंनी शिकवलं. आता प्रत्येक डब्याला एअरब्रशच्या कपात दुसऱ्या रंगाचे काही थेंब टाकतो, कधी नारिंगी, कधी तपकिरी, कधी नुसता करडा.

पेनसिल्व्हेनियाचा रंग त्या काळात बऱ्यापैकी नारिंगीकडे झुकलेला ठेवलाय. चिन्ह वर्तुळातलं कीस्टोन, म्हणजे कमानीच्या माथ्यावरच्या दगडाचा आकार. सावलीचं मोठं कीस्टोन १९५४ मध्ये आलं. ते बाजारात भरपूर मिळतं, देखणं आहे, आणि माझ्यासाठी सहा वर्षं उशिरा आहे.

टपावरच्या चालायच्या फळ्या दोन तऱ्हेच्या. जुन्या डब्यांवर लाकडी, आणि लाकूड उघडं पडून करडं झालेलं. १९४५ च्या सुमारापासूनच्या नव्या डब्यांना जाळीच्या पोलादी फळ्या. पीएस-१ ला जाळी लावली, ती कागदाइतक्या पातळ कोरीव पत्र्याची आहे, चिमट्याने उचलली तरी दुमडते.

२६ एप्रिल

अक्षरं. मला सर्वांत आवडणारा भाग, आणि डोळ्यांना सर्वांत जड.

प्रत्येक डब्याच्या बाजूला तीन आकडे असतात. पहिला ठोकळ क्षमता, दुसरा जास्तीत जास्त किती माल भरावा, तिसरा रिकाम्या डब्याचं वजन. दुसरा आणि तिसरा मिळवला की ठरावीकच बेरीज यायला हवी, कारण ती रुळावर पडणाऱ्या एकूण वजनाची मर्यादा आहे आणि ती आसाच्या टोकाच्या जाडीवरून ठरते. ५० टनी डबा, आसाचं टोक साडेपाच बाय दहा इंच : १,६९,००० पौंड. ४० टनी, पाच बाय नऊ : १,३६,०००. ७० टनी, सहा बाय अकरा : २,१०,०००. एक्स२९ पन्नास टनी, तेव्हा रिकामं वजन ४५,१०० लिहिलं तर मालाची मर्यादा १,२३,९००. दुसरं काही लिहिता येत नाही.

ही बेरीज मी आता विकत घेतलेल्या प्रत्येक मॉडेलवर करून बघतो. डेकलच्या एका पानावर दोन आकड्यांची बेरीज १,७१,००० येत होती. तसा डबा रुळावर असता तर मालकाला पत्र गेलं असतं. आकडे कापून, जुळवून लावले.

रिकामं वजन कायमचं नसतं. लाकडी फळ्या पाणी पितात, वाळतात, दुरुस्तीत भाग बदलतात. म्हणून ठरावीक मुदतीने डबा पुन्हा काट्यावर चढायचा आणि जुन्या आकड्यांवर रंगाचा चौकोन मारून नवे लिहायचे, बाजूला काट्याच्या ठिकाणाची खूण आणि महिना-वर्ष. नवाकोरा डबा असेल तर ठिकाणाऐवजी ‘नवा’ अशा अर्थाची इंग्रजी तीन अक्षरं. मॉडेलवर हा ताजा चौकोन फार उपयोगी पडतो. सगळा डबा काजळीने मळलेला आणि त्यात तळहाताएवढा स्वच्छ तांबडा तुकडा, स्वच्छ पांढऱ्या आकड्यांचा. मॉडेल कोणत्या वर्षाचं हे ओरडून सांगणारी जागा हीच. माझे चौकोन १९४६ ते १९४८ मधले, आणि ऑक्टोबर १९४८ नंतरचा एकही नाही.

ब्रेक साफ केल्याची तारीख हवेच्या टाकीवर, अ‍ॅक्सलबॉक्स भरल्याची तळाच्या तुळईवर. अक्षरं पाव मिलिमीटरची. भिंगाखालीही नीट वाचता येत नाहीत. सासऱ्यांना फोटो पाठवला, उत्तरात अंगठा आला.

१० मे

मळवणं.

एकाच वेळी सगळे डबे समोर घेतले नाहीत. नाहीतर हात एकाच लयीत चालतो आणि सगळे सारखे मळतात. आधी प्रत्येकाच्या चिठ्ठीवर लिहिलं : किती साली बांधला, शेवटचा रंग कधी, कुठल्या भागातून आला असावा. पीएस-१ वर नुसती चाकांकडून उडालेली धूळ. १९३७ च्या नमुन्याच्या एका डब्यावर अकरा वर्षांची काजळी, इतकी की अक्षरं वाचायला थांबावं लागतं. हे जास्त वाटेल, पण वाफेचं इंजिन रोज डोक्यावर राख टाकत असताना टप कसा राहील? टप मी जवळजवळ काळे केले.

पांढरी अक्षरं शिशाच्या रंगाची असायची. तो रंग हळूहळू भुकटी होऊन पावसाने खाली उतरतो आणि अक्षराखाली पांढरट ओघळ येतात. हे काम पाण्यात भिजवलेल्या बारीक ब्रशने, वरून खाली, आणि ओल्या बोटाने लगेच पुसत.

मग खडू. यार्डातले कारकून आणि तपासणारे डब्यावर खडूने खुणा करत, कुठल्या रुळावर, कुठल्या गाडीत. नव्या खुणा जुन्यांवर, अर्धवट पुसलेल्या. पांढऱ्या पेन्सिलीचं टोक सुईसारखं करून लिहिल्या. माझं अक्षर मुळातच यार्डातल्या कारकुनासारखं असल्याने इथे कष्ट पडले नाहीत. दाराजवळच्या छोट्या फळीवर मार्गाची चिठ्ठी टाचलेली, आणि आधीच्या फाटलेल्या चिठ्ठ्यांचे कोपरे, हे कागदाच्या कपट्यांनी.

रिकाम्या जीएलए हॉपरची आतली बाजू वेगळी. कोळसा घसरून घसरून तिथला रंग उडालेला, ताजा नारिंगी गंज आणि त्यावर काळी भुकटी कोपऱ्यांत. पास्टेलची पूड, वर निस्तेज वार्निश, पुन्हा पूड. बाहेरून हा डबा बराच नीटस ठेवलाय.

२४ मे

पॅसिफिक फ्रूट एक्सप्रेसचा आर-४०-१०, १९३६-३७ चा पोलादी बर्फाचा डबा. ही कंपनी सदर्न पॅसिफिक आणि युनियन पॅसिफिक यांची सामाईक. दोन्ही टोकांना बर्फाच्या कोठ्या, टपावर चार झाकणं, वाटेत ठरावीक ठिकाणी फलाटावरून बर्फाच्या लाद्या आत टाकत. कॅलिफोर्नियाची द्राक्षं आणि लेट्यूस अशी न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाच्या बाजारात पोचत. बाजू नारिंगी, आणि गाडीत एवढी एकच रंगाची उधळण. झाकणांच्या बिजागऱ्या आणि दांडे तारेतून केले. बर्फात मीठ घातलं की खारं पाणी ठिबकतं, ते मांसाच्या डब्यांखाली जास्त, फळांच्या डब्यांखाली कमी, तेव्हा बोग्यांवर गंज बेताचा.

७ जून

चालवण्याची तयारी. एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेची शिफारस : एक औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. एक्स२९ जेमतेम सहा इंचांचा, म्हणजे एकशे दहा ग्रॅमच्या आसपास. बंद डब्यात शिशाच्या पट्ट्या लपतात. रिकाम्या हॉपरला लपवायला जागा नाही, त्याच्या उतरत्या तळाखाली जेवढं कोंबता आलं तेवढं कोंबलं. तरी हलका आहे, म्हणून इंजिनाच्या लगेच मागे नाही, शेवटाकडे जोडणार.

चाकं बदलली. खऱ्या चाकाची रुंदी पावणेसहा इंच, ८७ ने भागल्यावर १.७ मिलिमीटर. किटमधली २.८ ची, टोकाकडून पाहिलं की रोड रोलर. २.२ ची घातली. पूर्ण मापाची माझ्या सांध्यांवर चालणार नाहीत. कपलिंगही लहान डोक्याची, खऱ्या मापाच्या जवळची. जुनी मोठी डोकी पाहिल्यावर आता डोळा खुपतो.

सगळे डबे पहिल्यांदा एकत्र जोडले. वरची रेषा हवी तशी : बुटका, उंच, बुटका, वॅगनटॉपची गोलाई, टाकीचा घुमट, पुन्हा उंच. दोन एक्स२९ शेजारी आले होते, ते वेगळे केले. गाडी यार्डात कुणी नटवून लावत नाही हे खरं, पण दोन बुटके शेजारी आले की तेवढंच दिसतं.

१४ जून

केबिनकार उरली. एन५सी, १९४२ मध्ये अल्टूनात बांधलेली, बाजूला जहाजासारख्या गोल खिडक्या. या मार्गावर पेनसिल्व्हेनियाने ट्रेनफोन बसवला होता. इंजिन आणि केबिनकार रुळांलगतच्या तारांमधून बोलत. त्याची लांब नळीची अँटेना टपावर चढते आणि तिला खांबांवर तोलून धरावी लागते. किटमध्ये ती नाही.

खांब पितळेच्या पट्टीतून कापले, उंची फोटोवरून काढली. नळीसाठी ०.५ ची तार सरळ केली. सोल्डर उद्या. इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या टेंडरवरची अँटेना आधीच आहे, आता दोन्ही टोकांना बोलणारं कुणीतरी असेल. पुढच्या नोंदीत १९३७ च्या नमुन्याचा दुसरा डबा, कारण त्याच्या टोकाच्या कोपऱ्यांची घडण माझ्याकडच्या क्रमांकाशी जुळते का हे रजिस्टर आणि फोटो दोन्हींत अजून तपासायचं आहे. तोवर त्याला रंग नाही.